फितूर होऊन परतलेला शिलेदार कथेत कसा उभा करायचा

शिवकालावर कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्यांचा एक लाडका नायक आहे. गनिमाला जाऊन मिळालेला, आतून जळणारा आणि आता परत यायला निघालेला मराठा शिपाई. नायक चांगला आहे, पण कथा बहुतेक वेळा एकाच जागी फसते. नदीकाठी दोन पानी स्वगत, आईचा भास, मग शेवटच्या लढाईत छातीवर वार आणि धन्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरण. लेखक म्हणतो, झालं, कलंक धुतला गेला. वाचकाला मात्र काहीच धुतलं गेल्यासारखं वाटत नाही.

याचं कारण असं, की त्या काळात परत येणं हा चारचौघांतला व्यवहार होता. कुणीतरी रदबदली करायची, कुणीतरी कौल द्यायचा, कुणीतरी पंगतीत पान मांडायचं. या माणसांशिवाय नायक कितीही रडला तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. म्हणून खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. क्रम मोडला की कथा पुन्हा त्या नदीकाठी जाऊन बसते.

## लिहायला बसण्याआधी

साल पक्कं करा. ‘शिवकाळ’ म्हणून भागत नाही. १६५९ साली अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी आदिलशाही फर्मान हातात पडलेला मावळचा देशमुख, १६६६ साली मोगलांकडे गेलेला सरदार आणि १६८९ नंतर रायगड पडल्यावर वतन टिकवण्यासाठी मोगली सनद घेणारा पाटील, या तिघांची कोंडी वेगळी आहे. पहिल्याला स्वराज्य टिकेल की नाही हेच ठाऊक नाही. तिसऱ्याने ते उभं राहिलेलं आणि कोसळू लागलेलं, दोन्ही पाहिलं आहे. साल निवडलं की त्या सालचा पावसाळा कुठे, लष्कर कुठे आणि कोणता गड कुणाकडे, हे एका कागदावर मांडा.

तो बारगीर की शिलेदार? नवखे लेखक हा प्रश्न सोडून देतात आणि पुढे अडकतात. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला असतो. तो पळाला तर घोड्याची चोरीही त्याच्या माथी बसते. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, त्यामुळे त्याचं जाणं म्हणजे चाकरी बदलणं, आणि त्या काळी चाकरी बदलणारे पुष्कळ होते. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. तुमचा माणूस या उतरंडीत कुठल्या पायरीवर होता हे ठरवा. जुमलेदार गेला तर त्याच्या मागे सव्वाशे घोडेस्वार उघडे पडतात. साधा बारगीर गेला तर हवालदाराची मान खाली जाते, एवढंच.

वतनाचा कागद. पाटीलकी, देशमुखी, निदान मिरासाची, म्हणजे वंशपरंपरेची जमीन. तो गेल्यावर ती कुणी खाल्ली? भावाने, चुलत्याने, की सरकारने जप्त केली? याचं उत्तर आत्ताच लिहून ठेवा, सातव्या टप्प्यात ते तुमच्या कामाला येईल.

तपासा: या तीन गोष्टी नायकाचं नाव न घेता चार ओळींत सांगता येतात का? येत नसतील तर पहिलं प्रकरण सुरू करू नका.

## १. गुन्हा नेमका ठरवा

‘त्याने गद्दारी केली’ हा गुन्हा नव्हे, ते मथळ्याचं वाक्य झालं. सदरेवरच्या कारकुनाने लिहावा तसा गुन्हा लिहा: अमुक रात्री अमुक ठिकाणी कुमक घेऊन पोचायचं होतं, पोचला नाही, इतके लोक कापले गेले.

नेताजी पालकरांचं उदाहरण या कामी नीट वाचण्यासारखं आहे. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. सरनोबत, म्हणजे सेनापती, नेताजी वेळेवर पोचले नाहीत, म्हणून त्यांची सरनोबती गेली. तिथून ते आदिलशाहीकडे गेले आणि लगेच मिर्झा राजे जयसिंगांच्या मध्यस्थीने पाच हजारी मनसब (मोगली हुद्दा) घेऊन मोगलांकडे. आता यातली मेख पाहा. पुरंदरच्या तहानंतर खुद्द शिवाजीराजेच त्या वेळी मोगलांच्या बाजूने आदिलशाहीशी लढत होते. पन्हाळ्याचा हल्लाही त्याच मोहिमेतला. म्हणजे नेताजी मोगलांकडे गेले त्या दिवशी मोगल हा शत्रू नव्हता, तो पुढच्या काही महिन्यांत झाला. अशी निसरडी जागा तुमच्या नायकाला द्या. पायाखाली काळं-पांढरं आखून दिलेलं असेल तर त्याच्या मनातला झगडा वाचकाला नाटकी वाटेल.

दुसरी गोष्ट: गुन्ह्याला बळी पडलेला एक माणूस हवा, आणि त्याचं कुणीतरी मागे जिवंत हवं. ‘स्वराज्याचं नुकसान’ कथेत येऊन दारात उभं राहत नाही. मेलेल्या हवालदाराची बायको राहते.

सावधान: नायकाला कुणीतरी कपटाने फसवलं होतं, असा खुलासा शेवटी काढू नका. त्याने चूक केलीच नव्हती असं ठरलं, की क्षमेची गरज संपली आणि कथाही संपली.

## २. तिकडची वर्षं रिकामी सोडू नका

बहुतेक हस्तलिखितांत इथे ‘दहा वर्षे लोटली’ एवढीच ओळ असते. पण झगड्याचं खरं भांडवल याच वर्षांत आहे. नेताजींचीच वाट पाहा. शिवाजीराजे आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद करवलं. १६६७ मध्ये त्यांचं धर्मांतर झालं, मुहम्मद कुलीखान हे नाव मिळालं आणि काबूलच्या बाजूला रवानगी झाली. ते परतले १६७६ मध्ये. एवढ्या काळात माणूस दुसऱ्या भाषेत शिव्या द्यायला शिकतो. त्याचे तिथे दोस्त होतात, कुणीतरी त्याचा जीव वाचवतो, त्याच्या आजारपणात कुणीतरी उशाशी बसतो.

त्या काळची निष्ठा मुख्यतः खाल्ल्या मिठाशी जोडलेली. इकडचं मीठ खाल्लं आणि तिकडचंही खाल्लं. परत फिरताना तो पुन्हा एकदा बेइमान होणार आहे, या वेळी दुसऱ्या धन्याशी. माझ्या मते या विषयातली सगळ्यांत जिवंत गाठ हीच, आणि नेमकी तीच सोडवायला लेखक घाबरतात. मोगली छावणीतले सगळे क्रूर, लंपट आणि मूर्ख दाखवले की ती सुटते खरी, पण मग परत येणं सोपं होतं आणि सोप्या गोष्टीसाठी कुणी तीनशे पानं वाचत नाही.

अंगावर राहिलेल्या खुणाही इथेच ठरवा. मोगली चाकरीत घोड्याला डाग देत आणि शिपायाच्या चेहऱ्याचं वर्णन दफ्तरात नोंदवत. म्हणजे तो ज्या घोड्यावर बसून परत येईल त्या घोड्यावरच कुणाची चाकरी केली ते लिहिलेलं असेल. पहिल्या चौकीवरचा पहारेकरी आधी घोडा बघेल, मग माणूस.

तपासा: तिकडच्या एका तरी माणसाचा निरोप घेताना त्याला वाईट वाटतं का? त्या माणसाचं नाव, वय आणि एक सवय तुम्हाला माहीत आहे का?

## ३. परत फिरण्याचं निमित्त

स्वप्नात भवानी दिसली, कीर्तनात अभंग ऐकला, पोवाडा कानी पडला. ही तिन्ही निमित्तं झिजून गुळगुळीत झाली आहेत. निमित्त व्यवहारातलं शोधा. उत्तम निमित्त म्हणजे हुकूम: त्याच्या पथकाला त्याच्याच मुलखावर चालून जायला सांगितलं जातं, कारण वाटा त्यालाच माहीत आहेत. नेताजीही परतले ते दक्षिणेच्या मोहिमेवर धाडल्यानंतरच. काबूलहून उठून कुणी सरळ रायगडावर येत नाही.

इथे पंचांग आणि नकाशा शेजारी ठेवा. मराठी फौजा पावसाळ्यात छावणीला आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीला. आषाढात घाट उतरणारा एकटा स्वार दाखवायचा असेल तर ओढे, निसरड, जळवा आणि वैरणीचा प्रश्न त्याच्यासोबत दाखवा. बाडबिस्तारा घेऊन चालणारं मोगली लष्कर दिवसाला चार-पाच कोस सरकतं, सडा स्वार त्याच्या कितीतरी पुढे जातो. या फरकावरच त्याचं पळणं बेता.

## ४. निरोप, मध्यस्थ, कौल

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून पायऱ्या सुट्या करून सांगतो.

अ) आधी निरोप. तो स्वतः जात नाही, माणूस पाठवतो. गोसावी, व्यापारी, जासूद, दूरचा सोयरा. निरोप तोंडी, कारण कागद सापडला तर गळ्याला फास.

आ) मग मध्यस्थ. ज्याच्या शब्दाला सदरेवर वजन आहे असा कुणीतरी. हा मध्यस्थ स्वतःची पत पणाला लावतो. त्याने तसं का करावं याला त्याचं स्वतःचं कारण हवं.

इ) मग कौल, म्हणजे अभयाचा कागद. यात काय लिहिलं आहे आणि काय लिहिलेलं नाही, दोन्ही ठरवा.

ई) बेलभंडाऱ्यावर, म्हणजे बेलाचं पान आणि हळद हाती घेऊन, शपथ. दोन्ही बाजूंनी.

उ) मग भेट. हत्यार कुठे उतरवलं, कोण उभं होतं, कोण मुद्दाम आलं नाही.

मध्यस्थाची किंमत कळण्यासाठी खंडोजी खोपड्यांची हकीकत वाचा. उत्रवळीचे हे देशमुख अफजलखानाला जाऊन मिळाले. खान मारला गेल्यावर ते लपले, आणि शेवटी कान्होजी जेध्यांनी त्यांच्यासाठी राजांकडे रदबदली केली. कान्होजी म्हणजे त्याच वर्षी वतनावर पाणी सोडून, मुलांसह राजांच्या पायाशी आलेला माणूस. त्यांचा शब्द मोडणं अवघड. खोपड्यांचा जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय तोडला गेला. जीव मागितला होता, जीव दिला. कौलाच्या शब्दांत किती जागा असते ते या प्रसंगातून शिका. आणि मग स्वतःला विचारा: त्या रात्री कान्होजी घरी जाऊन काय म्हणाले असतील? तुमच्या कथेतल्या मध्यस्थाला असा एक प्रसंग द्या.

सावधान: नायकाला रात्री गुपचूप गडावर चढवून थेट राजांच्या महालात नेऊ नका. दरवाजे सूर्यास्ताला बंद होतात. गडाचा कारभार गडाचेच हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्यात वाटलेला (हे पागेतल्या हवालदारापेक्षा आणि सेनापतीपेक्षा वेगळे), म्हणजे एकाला फोडून काम होत नाही. आणि तुमचा नायक रात्री इतक्या सहज आत शिरू शकत असेल तर गनिमालाही शिरता येईल, असं वाचक म्हणेल. बरोबरच म्हणेल.

## ५. जुनी जागा परत देऊ नका

भेट झाली, मुजरा झाला, आता पुढे? हौशी कथांत राजे त्याला उठवून पुन्हा तलवार देतात. ती तलवार आता दुसऱ्याच्या हातात असते. नेताजी परतले तेव्हा सरनोबती हंबीरराव मोहित्यांकडे होती. प्रतापराव गुजर नेसरीला पडल्यावर, १६७४ साली ती त्यांच्याकडे आलेली. जुना सरनोबत आणि चालू सरनोबत एकाच सदरेवर, एवढ्या मांडणीतच एक प्रकरण आहे.

तुमच्या साध्या शिलेदारालाही खालची जागा द्या. छावणीत वैरणीवर पहारा. मे १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या लष्कराला लिहिलेलं शिवाजीराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला तोशीस देऊ नका, आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाईने त्यात ताकीद आहे. एके काळी पन्नास स्वार घेऊन धावणारा माणूस आता दिवा विझला का ते बघत गवताच्या गंजीभोवती फिरतोय. त्याच्या हाताखाली एके काळी असलेला पोरगा त्याला येऊन विचारतो, ‘बघितलंस का नीट?’ अरेतुरेवर आलेला हा एक प्रश्न लांबच्या स्वगतापेक्षा जास्त काम करतो.

## ६. प्रायश्चित्त

नायकाचं धर्मांतर झालेलं असेल तरच हा टप्पा पूर्ण लिहा. नेताजींना जून १६७६ मध्ये प्रायश्चित्त देऊन परत घेतलं. संभाजीराजांच्या काळात हरसूलच्या गंगाधर रंगनाथ कुलकर्ण्यांनाही असंच शुद्ध करून घेतल्याचा कागद आहे. म्हणजे वाट होती. पण ती सदरेच्या आज्ञेने, पंडितरावांच्या, म्हणजे धर्मखात्याच्या प्रधानाच्या, निर्णयाने आणि कागदावर जात होती.

धर्मांतर झालेलं नसेल तर हा विधी ओढूनताणून आणू नका. मंत्र स्वतः रचू नका. विधीचं वर्णन चार वाक्यांत आटपा आणि नजर माणसांवर ठेवा: दक्षिणा कुणी भरली, केस उतरवताना न्हाव्याने काही बोलणं टाळलं का, तिकडे असताना लावून घेतलेली एखादी साधी सवय आता त्याने सोडायची की नाही. आणि हा प्रसंग एका धर्माने दुसऱ्यावर मिळवलेल्या विजयाचा सोहळा करू नका. तसं केलंत की दुसऱ्या टप्प्यात उशाशी बसलेला तो दोस्त खोटा ठरतो.

## ७. गोत, पंगत, चूल

राज्याने घेतलं, धर्माने घेतलं. घर बाकी आहे. कथेचा तिसरा हिस्सा तरी या टप्प्याला द्या, कारण आपलेपणाचा खरा निकाल इथे लागतो आणि तो कुठल्याही राजाच्या हुकमाने लागत नाही.

सुरुवात जमिनीपासून करा. तयारीत लिहून ठेवलेला वतनाचा कागद आता बाहेर काढा. तो नसताना धाकट्या भावाने पाटीलकी चालवली, सारा भरला, दुष्काळ काढला. गोतसभा बसली, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, झाला, त्यावर पाटील म्हणून भावाने नांगराची निशाणी केली. आता थोरला दारात आला आहे, हातात राजांचा कौल. कौलात जिवाला अभय आहे, पाटीलकीचं काय? भाऊ वाईट नाही. त्याने काही चोरलेलं नाही. थोरल्याचं परत येणं म्हणजे धाकट्याच्या पोराचं भविष्य जाणं. हा पेच मिटवायची घाई करू नका.

मग मान. पोळ्याला कुणाचा बैल पुढे, होळीची पहिली पोळी कुणाची, लग्नात विडा आधी कुणाला. यांवर गावात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. नायकाला कुठे बसवलं यावरून गावाने त्याला कितपत घेतलं ते सांगता येतं, पात्राला तोंड उघडावं लागत नाही.

पंगत सगळ्यांत महत्त्वाची. गोताने घेतलं असं सगळे म्हणतील, पण त्याच्या शेजारच्या पाटावर कोण बसलं? वाढपी त्याच्या पानाशी आल्यावर हात आखडतो का? कुणी पोट बिघडल्याचं निमित्त काढून उठलं का? पुढची परीक्षा सोयरिकीची. आपल्या सोबत जेवणारा माणूस त्याच्या घरात मुलगी देईलच असं नाही. फलटणच्या निंबाळकरांशी शिवाजीराजांचं नातं पाहा. बजाजी नाइकांच्या मुलाला, महादजीला, राजांनी आपली लेक सखुबाई दिली. दोन घरांमधलं अंतर कमी करायला सोयरिकीसारखं साधन त्या काळी दुसरं नव्हतं. तुमच्या नायकाच्या मुलीला स्थळ येतं की नाही, हा प्रश्न लढाईपेक्षा जास्त ताणून धरता येतो.

बायको. ती इतकी वर्षं कुंकू लावून होती की पुसून? सासरी राहिली की माहेरी गेली? दारात त्याला बघून ती रडत कोसळते, हे चित्र आता पुरे झालं. तिने इतकी वर्षं लोकांची बोलणी खाल्ली आहेत. तिला राग आहे, आणि तो राग दाखवायची सोय तिला चुलीपाशीच आहे. भाकरी थापताना ती मागे न बघता एवढंच विचारते: ‘किती दिवस ऱ्हानार हाय?’ नायकाकडे उत्तर नसावं.

आणि ती पहिल्या टप्प्यातली विधवा. तिने क्षमा करू नये असं मी सांगेन. निदान पुस्तक संपेपर्यंत तरी नाही. सगळ्यांनी माफ केलं तर गुन्हा हलका होतो. एक दार बंद राहिलं की उघडलेल्या बाकीच्या दारांना किंमत येते. तिच्या शेतावर नायक गुपचूप राबतो वगैरे दाखवलंत तर निदान तिला ते कळू द्या, आणि ती त्याला बांधावरून हाकलू दे.

तपासा: या टप्प्यात किती पात्रं नायकाविषयी आपलं मत बदलतात? सगळी बदलत असतील तर निम्म्यांना परत पाठवा.

## ८. लढाई, लागलीच तर

लढाई लिहायची असेल तर ती सातव्या टप्प्याच्या मध्ये घाला, शेवटी नको. उमराणीला वेढलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला प्रतापरावांनी सोडलं, राजांचा ठपका आला आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये ते मोजक्या स्वारांनिशी नेसरीला खानावर तुटून पडले. तो शेवट इतिहासात एकदाच घडला. त्याची नक्कल करून प्रत्येक कलंकित नायक वीरमरणाला पाठवू नका. मेलेल्या माणसाला पुन्हा पंगतीत बसावं लागत नाही. लेखकासाठी ती पळवाट आहे. नायकाला जखमी करा, हवं तर लंगडा करा, पण घरी आणा.

## खर्डा वाचताना

आधी वस्तू चाळा. आगकाडी नको, चकमक. पेल्यात चहा नको, उपासाला साबुदाणा नको, ताटात बटाटा नको. वेळ घटका-प्रहरांत. पैसा होन आणि शिवराईत, मोगली छावणीत रुपयांत. बंदूक तोडेदार, म्हणजे पावसात भिजली की निकामी. ऐन पावसात बार काढणारा शूरवीर अजूनही दर दोन हस्तलिखितांमागे एकदा भेटतो.

मग संवाद. पात्रं राष्ट्र, स्वातंत्र्य, देशद्रोह यांवर बोलू लागली की तिथे तुमचा आवाज शिरलेला असतो. त्यांना मीठ, वतन, इमान, अब्रू, पोरंबाळं यांवर बोलू द्या. राजांच्या तोंडी लांब भाषण असेल तर कापा, दोन वाक्यं ठेवा.

शेवटी खर्डा दोघांना वाचायला द्या आणि कथा कशी वाटली हे विचारू नका. एकच विचारा: पाटीलकी कुणाला मिळावी, थोरल्याला की धाकट्याला? दोघांनी लगेच ‘थोरल्याला’ म्हटलं तर धाकट्याचे प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.